वहिनीचा अर्ज आणि एकसष्ट उघडे टॅब

माझ्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एके काळी एकसष्ट टॅब उघडे असत. त्यातला माझा स्वतःचा एखादा. बाकीचे सगळे गल्लीचे.

हे कसं झालं ते आधी सांगते. बारावीला चांगले गुण मिळाल्यावर सरकारकडून लॅपटॉपसाठी मदत मिळाली, तिच्यातून हा लॅपटॉप घरात आला. त्याआधी आमच्याकडे दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. आई चौथी शिकलेली, बाबा त्याहून कमी. दादा दहावी झाल्या झाल्या केळीच्या गाड्या भरायच्या कामाला लागला. मी याच लॅपटॉपवर बी.सी.ए. केलं आणि बुऱ्हाणपूरच्याच लालबाग भागातल्या एका छोट्या खाजगी शाळेत कंप्यूटर शिकवू लागले. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पदवी आणि लॅपटॉप दोन्ही असलेली मी एकटीच होते. त्यामुळे शाळेतून घरी आले की दारात कोणी ना कोणी कागद घेऊन बसलेलं असायचं. कोणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कोणाचा भरतीचा, कोणाचं पेन्शन, कोणाच्या आधार कार्डावर वडिलांचं नाव चुकलेलं.

मी कोणाला नाही म्हणत नसे. मला शिकू देताना या गल्लीनंही कधी आडकाठी केली नव्हती. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी समोरच्या काकूंच्या मुलाचं लग्न होतं. उद्या माझा पेपर आहे हे कळल्यावर काकूंनी वरातीचा बँड गल्लीच्या तोंडाशीच बंद करवला होता. नवरदेव गुपचूप घरी आला. अशी माणसं फॉर्म घेऊन आली तर त्यांना दुकानात जा असं कसं म्हणायचं?

पहिला फॉर्म मी दादाच्या लायसन्सचा भरला. भरून झाल्यावर पान बंद करायला गेले, तर बाजूला बसलेली आई एकदम ओरडली.

"राहू दे, राहू दे! काय करून राहिली?"

"बंद करते. झाला फॉर्म."

"आत्ताच तर निघाला तो. लगेच पाठीमागं झाडू मारतात का?"

आमच्याकडे कोणी गावाला किंवा महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या पाठीमागे लगेच घर झाडत नाहीत. माणूस पोचेपर्यंत केर तसाच राहतो. आईच्या लेखी फॉर्मही कामाला निघालेलाच होता. मी हसले, पण पान बंद केलं नाही. एका उघड्या पानानं काय बिघडणार होतं?

पण ही गोष्ट गल्लीत पसरली. फॉर्म भरायला आलेला प्रत्येक माणूस जाताना विचारू लागला, "माझा चालू ठेवला ना, ताई?" कोणाचं काम झालं नाही, तर त्याचं पान मधेच बंद पडलं असणार अशी शंका निघू लागली. मी सांगून बघितलं की पान बंद केलं तरी फॉर्म परत येत नाही. पण मी ते हसत हसत सांगायचे, आणि हसत सांगितलेली गोष्ट लोक मनावर घेत नाहीत. शेवटी मी ब्राउझरमध्ये अशी सोय करून टाकली की लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला तरी आधीची सगळी पानं आपोआप उघडावीत. सगळे खूश झाले. लॅपटॉप मात्र दिवसेंदिवस जड होत गेला. गुगल उघडायला एक मिनिट लागू लागलं. मी म्हणायचे, जुना झाला बिचारा.

आता वहिनीबद्दल. बारावीला जीवशास्त्र घेऊन पास झालेली मुलगी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तिला नर्स व्हायचं होतं, पण लग्न आधी ठरलं. मग माझ्या कॉलेजची तीन वर्षं माझ्या वाटणीचं सगळं काम तिनं केलं. मी सकाळी सातची बस गाठायचे ती तिच्या हातांच्या जोरावर. मी भांड्याला हात लावला तर म्हणायची, "ताई, तुम्ही पुस्तकाला हात लावा. भांडी मला ओळखतात." पदवीचा कागद माझ्या नावावर आहे. त्यात तिची तीन वर्षं आहेत, हे मी कधी विसरले नाही.

मला नोकरी लागली आणि मी तिला म्हटलं, आता तुझी पाळी. तिनं नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी केली आणि पहिल्याच वर्षी पास झाली. पण तेव्हा मी शाळेच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होते, म्हणून कॉलेजांची पसंती भरायला ती एका ऑनलाइनच्या दुकानात गेली. दुकानदारानं घाईत क्रम उलटा लावला. बुऱ्हाणपूरचं कॉलेज शेवटी आणि एक लांबचं शहर पहिलं. तिला तेच मिळालं. तीन वर्षांच्या लेकीला सोडून तिकडे जाणं शक्य नव्हतं. जागा गेली.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अजून एकदा बघीन. तिसऱ्यांदा नाही." वहिनी बोललेलं मोडत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या वर्षी ती आणखी चांगल्या गुणांनी पास झाली. या वेळी ती मला म्हणाली, "दुकानात जाणार नाही. तुम्ही बसा माझ्याजवळ."

तिचा मूळ निवासी दाखला नेमका शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हातात आला. त्यामुळे पसंती भरायला आमच्याकडे एकच दिवस उरला, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचला साइट बंद होणार होती. मी शाळेतून अर्धी रजा घेतली. दुपारी एक वाजता आम्ही दोघी चटईवर लॅपटॉप मांडून बसलो. तिची लेक आतल्या खोलीत झोपली होती. आई उंबऱ्याजवळ वाती वळत होती.

चार तास म्हणजे भरपूर वेळ, असं मला वाटलं होतं.

साइटचं पहिलं पान उघडायला आठ मिनिटं लागली. गोल चक्र फिरत राहिलं आणि पंखा असा घुमू लागला की आईनं विचारलं, "विमान उडून राहिलं का?" शेवटी पान उघडलं, नंबर टाकला, आणि ओटीपी गेला दादाच्या मोबाइलवर. मागच्या वर्षी दुकानदारानं तोच नंबर दिला होता. दादा तेव्हा शहराबाहेर केळीची गाडी भरत होता.

"बोल दादा, किती आलाय?"

"थांब, घड हातात आहे." मग कोणावर तरी ओरडण्याचा आवाज. "हां, लिख. सात, नऊ, नऊ, दोन..."

मी आकडे टाकले. पडदा पांढरा झाला. वर लिहून आलं की पान प्रतिसाद देत नाही. ते शुद्धीवर आलं तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती.

दुसऱ्यांदा तसंच झालं. आणि या वेळी खाली लाल अक्षरं आली. तिसरा प्रयत्न चुकला तर हे खातं चोवीस तास बंद राहील.

चोवीस तास. वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

"काय लिहिलंय?" वहिनीनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

तेवढ्यात दादाचा फोन. "अरे, काय लावलंय तुम्ही? इथं हमाल हसून राहिले मला. म्हणतात, भाऊ, सारखे नंबर सांगून राहिले, लॉटरी लागली काय?"

"दादा, एकदाच शेवटचा येईल. तेव्हा फोन हातात ठेव."

"हातातच आहे, बापा. घड डोक्यावर आहे."

मोबाइलवरून करावं, तर दाखल्याच्या फाइली लॅपटॉपमध्ये होत्या, आणि वहिनीच्या छोट्या मोबाइलवर पसंती पक्की करायचं लॉकचं बटण पडद्याच्या बाहेर जात होतं. मागच्या वर्षी दुकानात जायच्या आधी तिनं ते करून पाहिलं होतं. जे करायचं ते याच लॅपटॉपवर करायचं होतं.

मी कंप्यूटरची शिक्षिका. मी ठरवलं की घाबरायचं नाही. पहिल्यांदा लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. दहा मिनिटांनी तो सुरू झाला, आणि ब्राउझर उघडताच एकसष्टच्या एकसष्ट पानं परत येऊन बसली. मग मला वाटलं की उष्णतेनं होत असेल. खालचा भाग हात लावू देत नव्हता. वहिनीनं आतून पितळी परात आणली, पालथी घातली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. पंख्याचा आवाज थोडा उतरला, चक्र मात्र फिरतच राहिलं.

मग माझ्या हातून खरी चूक झाली. शाळेत मी मुलांना सांगते की ब्राउझर संथ झाला तर साठलेला कचरा काढा. मी तसं केलं, आणि घाईत सगळ्याच चौकटींत टिक केली. त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. झालं काय, तर आधी पानं निदान साठवलेल्या चित्रांवर तरी उघडत होती. आता सगळी नव्यानं सगळं मागवू लागली. लॅपटॉप आधीपेक्षा संथ झाला. मी कपाळाला हात लावला. तीन वाजत आले होते.

वहिनी चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "ताई, शाळेत पोरांचा कंप्यूटर असा झाला तर काय करता?"

"टास्क मॅनेजर बघते. कोण किती ओझं टाकतंय ते दिसतं त्यात."

"मग इथं का नाही बघितला?"

उत्तर मला माहीत होतं. तो उघडला तर काय दिसेल हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून मी परात आणवली, कचरा काढला, सगळं केलं आणि तेवढं टाळलं.

मी टास्क मॅनेजर उघडला. मेमरी सत्त्याण्णव टक्के. डिस्क शंभर टक्के.

"म्हणजे काय?" वहिनी जवळ सरकली.

"मेमरी म्हणजे आपला ओटा समज. जे आत्ता शिजतंय ते ओट्यावर. डिस्क म्हणजे कपाट. ओटा भरला की हा एक भांडं कपाटात ठेवतो, मग ते लागलं की ते काढतो आणि दुसरं आत ठेवतो. सगळा वेळ त्यातच चाललाय."

"आणि माझं भांडं?"

"तुझं ठेवायला जागाच नाही."

मग मी ब्राउझरची स्वतःची यादी उघडली. कोणतं पान किती जागा खातंय ते तिच्यात एकेका ओळीत येतं. अख्खी गल्ली तिथं बसली होती. पेन्शन, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, गॅसची नोंदणी, तीन वर्षांपूर्वीचा एक निकाल. सगळी सरकारी पानं, वर सरकत्या सूचना, मधे बदलत्या चित्रांची रांग. काही तर दर मिनिटाला स्वतःला ताजी करून घेत होती. कोणी बघत नसताना ती सगळी धावत होती.

वहिनी ती यादी बघत राहिली. "अग माय! एवढी भांडी ओट्यावर? आणि एकातही काही शिजून नाही राहिलं!"

"बंद करावे लागतील," मी म्हटलं, आणि आमच्या दोघींच्याही माना उंबऱ्याकडे वळल्या.

आईनं वात खाली ठेवली. "काय बंद करावं लागेल?"

"गल्लीचे फॉर्म. त्यांच्यामुळे वहिनीचा निघत नाहीये."

"दुसऱ्याचं काम मोडून आपलं नाही करायचं, बाई. ज्या बाईनं तुझ्यासाठी पोराचा बँड बंद केला, तिच्या पेन्शनवर तू झाडू मारशील?"

ती चिडून बोलत नव्हती. पहिल्यांदा मला दिसलं की ती अडाणीपणानं अडून बसलेली नाही. तिच्या मनात एक हिशोब होता आणि त्या हिशोबात ती बरोबर होती. इतकी वर्षं मी तो हिशोब समजूनच घेतला नव्हता. नुसती हसले होते. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, माणूस गावाला गेला की आपण झाडू कधी मारतो?"

"पोचला असा फोन आला की मारतो. एरवी घर काय कायमचं घाणेरडं ठेवतो का?"

"फॉर्म भरल्यावर मी एक कागद छापून देते. नंबर असतो त्यावर. तुझ्याकडेही एक प्रत ठेवते."

"त्या साडीच्या पिशवीत आहेत सगळ्या. एक नाही हरवली."

"ती पावती इथून नाही निघत, आई. फॉर्म तिकडे पोचला, त्यांच्या वहीत चढला, की मग तिकडून येते. पोचला नाही तर नंबर येतच नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोचल्याचा फोनच तो."

"हो."

"मग आधी का नाही सांगितलं, मेले? इतकी वर्षं मी घर तुंबवून ठेवलं! सूनबाई, ती पिशवी आण."

पुढचा अर्धा तास आमच्या घरात जे चाललं ते मी कधी विसरणार नाही. मी एकेका पानाचं नाव वाचायचे. वहिनी पिशवीतून पावती शोधून नंबर वाचायची. आई हात वर करून म्हणायची, "पोचला. मार." आणि मी ते पान बंद करायचे.

"काकूंचं पेन्शन."

"आहे पावती."

"पोचला. मार."

"कोपऱ्यावरच्या शिंप्याचं रेशन कार्ड."

"हे घ्या. दोन पावत्या आहेत."

"दोनदा पोचला! मार, मार."

दहाव्या पानापासून आईला मजा येऊ लागली. विसाव्याला वहिनी पहिल्यांदा हसली. चाळिसाव्याला पंख्याचा आवाज खाली आला आणि पडद्यावरचा बाण माझ्या हाताबरोबर सरकू लागला.

एक पान असं निघालं की त्याची पावतीच नव्हती. रिक्षावाल्या भाऊंच्या मुलीची शिष्यवृत्ती. सगळी पिशवी उलटी केली, पण नाही. मग मला आठवलं, तो फॉर्म भरताना लाइट गेली होती. शेवटचं बटण दाबायचं राहून गेलं होतं आणि पान उघडं आहे म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो.

"हा निघालाच नाही," आई गंभीर होऊन म्हणाली. "दारातच उभा आहे बिचारा."

मी त्याची नोंद वहीत केली. त्याची तारीख अजून आठ दिवस पुढे होती. दुसऱ्याच दिवशी तो फॉर्म पुरा भरला. ती पानं डोळे झाकून उघडी ठेवली असती, तर त्या मुलीचं वर्ष गेलं असतं.

शेवटी दोनच पानं उरली. एक वहिनीचं. दुसरं माझं.

माझं म्हणजे सरकारी शिक्षक भरतीचं. दोन वर्षांपूर्वी मी परीक्षा दिली होती आणि प्रतीक्षा यादीत माझं नाव होतं. ते पान दर मिनिटाला ताजं होत होतं, आणि ब्राउझरच्या यादीत ते सगळ्यात वर होतं. सगळ्यात जास्त जागा तेच खात होतं. प्रतीक्षा यादी कधीच संपली होती. मला ते माहीत होतं. घरी सांगितलं नव्हतं. गल्लीला हसणारी मी, रोज सकाळी एकदा त्या पानावर जाऊन यायचे.

"हा कोणाचा?" आईनं विचारलं.

"माझा."

"पावती?"

"आहे, आई. पोचलापण होता. पण काम नाही झालं तिकडे. यादी बंद झाली. बरेच महिने झाले."

आईच्या हातात वाती तशाच राहिल्या. वहिनी हळूच म्हणाली, "राहू द्या ना ताई. एकानं काय होतंय?"

"एकानंच होतंय. बघ, सगळ्यात वर तेच आहे."

आईनं हातातल्या वाती खाली ठेवल्या. मग म्हणाली, "सांगायचं ना, माय. मी रोज दिवा लावताना तुझ्या त्या नोकरीचं म्हणत होते. देवालाही फुकट कामाला लावलं." आणि मग, आवाज थोडा चढवून, "कर बंद. हिला वाट दे."

मी बंद केलं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं.

मग उरलेलं माझ्या कामाचं होतं, आणि ते मी नीट केलं. लोकांच्या फोटोंचा आकार कमी करायला वेळोवेळी जोडलेल्या चार सोयी ब्राउझरमधून काढून टाकल्या. मागे गुपचूप चाललेलं अपडेट थांबवलं. सगळी पानं परत उघडण्याची ती सोय बंद केली. लॅपटॉप पुन्हा लावला. या वेळी तो दोन मिनिटांत उठला आणि समोर एकच कोरं पान आलं. मेमरी पन्नास टक्क्यांच्या खाली. खोलीत इतकं शांत झालं की आतल्या खोलीतला लेकीचा श्वास ऐकू आला.

चार वाजून पाच मिनिटं.

साइट उघडली. नंबर टाकला. दादाला फोन लावला.

"अब की बार पक्का ना?" दादा म्हणाला.

"पक्का. सांग."

"चार, शून्य, सहा, सहा, एक..." मागून चार-पाच हमालांचा आवाज आला, "आठ!" सगळे त्याच्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते.

मी शेवटचा आकडा टाकला आणि डोळा लवतो न लवतो तोच पान उघडलं. वर वहिनीचं नाव, तिचा फोटो, तिचे गुण. खाली कॉलेजांची यादी.

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "तू भर."

"मी? चुकलं तर?"

"चुकलं तर दुरुस्त होतं. लॉक करायच्या आधी दहा वेळा बघू. पण क्रम तुझ्या हातानं लागला पाहिजे."

तिनं परातीसकट लॅपटॉप पुढे ओढला. एका बोटानं, सावकाश, तिनं बुऱ्हाणपूरचं कॉलेज पहिल्या जागेवर ठेवलं. मग खंडव्याचं. मग बाकीची. प्रत्येक नाव ती मोठ्यानं वाचत होती आणि आई मान डोलवत होती, जणू सगळी कॉलेजं तिची बघून झालेली आहेत. तीन वेळा तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. साडेचारला तिनं लॉकचं बटण दाबलं. लगेच पावती आली. नंबर तिनं दोनदा वाचला आणि मग पावती छापून येण्याचीही वाट न बघता तळहातावर पेनानं लिहून घेतला.

फोन चालूच राहिला होता. पलीकडून दादा ओरडत होता, "झालं का? झालं का, कोणीतरी बोला!"

"झालं!" आम्ही तिघी एकदम ओरडलो. लेक जागी होऊन रडायला लागली. तिकडे हमालांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते त्यांना नीट कळलंही नसेल.

अकरा दिवसांनी यादी लागली. मी शाळेत होते. वहिनीनं स्वतः लॅपटॉप उघडला, स्वतः पान उघडलं, आणि मधल्या सुट्टीत मला फोन केला. मी हॅलो म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "बुऱ्हाणपूर. पहिली पसंती. कागदपत्रं परवा जमा करायची आहेत, मी सगळी काढून ठेवली. तुमच्या दादांना सुट्टी घ्यायला सांगितली." तिच्या आवाजात आनंद होता, पण त्याहून जास्त घाई होती. मी स्टाफरूममध्ये उभी राहून रडले आणि मग सातवीच्या वर्गावर जाऊन त्या दिवसाचा धडा सोडून दिला. मुलांना टास्क मॅनेजर उघडायला लावला आणि ही सगळी हकीकत सांगितली. मुलांना परातीचं सगळ्यात जास्त आवडलं.

संध्याकाळी दादा दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन आला. हमालांसाठी त्यानं आधीच एक वाटला होता.

आई दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरोघरी फिरली. प्रत्येक दारात उभं राहून तिनं पावती म्हणजे काय ते सांगितलं. मी तीन वर्षांत जे गल्लीला पटवू शकले नव्हते ते तिनं दुपारच्या जेवणाआधी पटवलं. समोरच्या काकूंनी एकच शंका काढली, "पण तिकडच्यांनी वहीत चढवून परत खोडलं तर?" आई म्हणाली, "मग आपण भांडायला जाऊ. नंबर आहे ना आपल्याकडे!"

वहिनी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी पांढरा गणवेश घालून ती निघते तेव्हा तिचा डबा मी करते. पोळ्या तिच्यासारख्या होत नाहीत, ती खाते आणि काही बोलत नाही. रविवारी ती सरावासाठी रक्तदाबाचं यंत्र घरी आणते. बातमी गल्लीत गेलीच आहे. सकाळी नऊपासून आमच्या दारापुढच्या ओट्यावर माणसं बाह्या वर करून बसतात. मी लॅपटॉप घेऊन बाजूला बसलेली असते, पण माझ्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

परवा काकू पुढे सरकू लागल्या तेव्हा आईनं त्यांना हातानं अडवलं आणि आपला दंड यंत्रापुढे धरला.

"रांगेत माझा नंबर पहिला," ती म्हणाली. "सून कोणाची आहे?"